डोक्यावरचे केस गेले, दाढी तशीच काहून?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा सोडला आणि तीन पत्रं बाजूला काढली. एक लग्नाला आलेल्या पोराचं, एक पोटुशी असलेल्या सुनेचं, एक आशाताईचं. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत, दुखणीही वेगळी. पण उत्तर लिहायला बसले तर तिन्ही वेळा हात एकाच रसायनापाशी आला. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. नाव लांबलचक आहे, म्हणून खाली सगळीकडे डीएचटी लिहिते. उत्तरं या वेळी थोडी लांबली आहेत. नेहमीप्रमाणे नाव-गाव छापत नाही. आमच्या आर्वी-आष्टी-कारंजाच्या बाजूला नुसतं आडनाव लिहिलं तरी लोक घर शोधून काढतात.

प्रश्न : मॅडम, मी २७ वर्षांचा आहो. आयटीआय झालं, घरी पाच एकर कोरडवाहू. दोन वर्षांपासून समोरचे केस चालले. बायोडाट्यात टोपी घातलेला फोटो लावतो. मागच्या महिन्यात पाहुणे आले तं पोरीचा मामा म्हणे, "टोपी काढा न जरा." काढली. मंग फोनच नाही आला. दाढीले तं दोन दिवसांआड वस्तरा लागते. डोक्यावरचे केस गेले, दाढी तशीच काहून? काका म्हणते, अंगात गर्मी जास्त आहे. सलूनवाल्यानं आठशे रुपयाचं तेल देलं. माह्या मित्र एक गोळी घेते, पण त्या गोळीनं माणूस कामातून जाते म्हणते. काय करू?

उत्तर : पहिले तेलाचं सांगते. ते बंद कर. त्या आठशे रुपयांत सोयाबीनवरची एखादी फवारणी निघाली असती.

आता तुझा खरा प्रश्न. तो फार चांगला आहे. हाच प्रश्न माझ्या कॉलेजातल्या सरांनी तोंडी परीक्षेत विचारला होता आणि मी गप्प उभी राहिले होते.

पुरुषाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं आणि रक्तातून सगळीकडे फिरतं. समज, दूधवाला गावभर दूध घालतो. ज्या घरात विरजण आहे त्या घरी त्या दुधाचं दही लागतं, ज्या घरी नाही तिथं दूध दूधच राहतं. शरीरात हे विरजण म्हणजे ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम. ते टेस्टोस्टेरॉनला हायड्रोजनचे दोन अणू जोडतं आणि डीएचटी बनवतं. दिवसभरात जेवढं टेस्टोस्टेरॉन तयार होतं त्यातलं पाच ते दहा टक्केच असं बदलतं, पण बदलतं ते नेमक्या जागी : केसांच्या मुळांशी, त्वचेत, पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत, यकृतात. टेस्टोस्टेरॉनचं काही अंशी बाईच्या हार्मोनमध्येही रूपांतर होऊ शकतं. डीएचटीचं होत नाही. दह्याचं परत दूध होत नाही, तसंच.

आणि हे दही आंबट आहे. पेशीत हार्मोनला बसायची एक जागा असते. टेस्टोस्टेरॉन तिथं बसतं आणि लवकर सुटतं. डीएचटी दुप्पट-तिप्पट जोरानं धरतं आणि लवकर सोडत नाही. बैलाच्या कानामागचा गोचीड आठव, म्हणजे समजेल.

हा गोचीड दाढीच्या मुळाशी बसला की मूळ म्हणतं, वाढा. टाळूच्या मुळाशी बसला आणि ते मूळ जन्मानंच नाजूक असलं तर उलटं होतं. डोक्यावरचा केस एरवी दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, मग गळतो, त्याच मुळातून नवीन येतो. डीएचटीच्या दाबाखाली ही वाढीची मुदत दर फेरीला कमी होत जाते आणि केस बारीक होत जातो. तू कास्तकाराचा पोरगा आहेस, फरदड तुला माहीत आहे. पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदडीचा कापूस, तसा हा फरक. झाड तेच, पण बोंड लहान, मग आणखी लहान. शेवटी उरते ती लव. मूळ मेलेलं नसतं हे लक्षात ठेव, म्हणून तर सुरुवातीला औषधाचा उपयोग होतो.

एकाच रसायनाची दोन जागी दोन कामं कशी, हे अजून पटत नसेल तर पावसाकडे बघ. ज्या पावसानं भंडाऱ्याकडचं धान उभं राहतं त्याच पावसानं आपली तूर उबळते. पावसात खोट नसते. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातली मुळं डीएचटीला जुमानत नाहीत. म्हणूनच टकलू माणसाच्या मागे केसांची झालर शिल्लक राहते, आणि केस रोवणारे डॉक्टर तिथलेच केस उपटून पुढे लावतात. ते पुढे येऊनही आपला मागचा स्वभाव सोडत नाहीत.

काकांच्या गर्मीबद्दल. जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञानं १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण गेले त्यांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं आणि घराण्यात टक्कल असलं तर पडायला लागतं. यावरून लोकांनी पुढचा चुकीचा अर्थ काढला की टक्कल म्हणजे पुरुषपण जास्त. तसं काही नाही. तुझ्या रक्तातलं डीएचटी तुझ्या दाट केसांच्या मित्राइतकंच असण्याची शक्यता आहे. फरक मुळांच्या नाजूकपणात आहे आणि तो वारशानं येतो. त्यातला एक महत्त्वाचा भाग आईकडून येतो, म्हणून आईच्या बापाचं डोकं बघ, पण वडिलांकडचंही सोडू नकोस. कोणी नागपूरला जाऊन डीएचटीची रक्ततपासणी करून ये म्हणालं तर जाऊ नकोस. टक्कल ओळखायला ती लागत नाही.

मित्राची गोळी म्हणजे फिनास्टेराइड, एक मिलिग्रॅमची. ती ते विरजण बंद करते. रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. गळती थांबते का, हे सहा महिने घेतल्याशिवाय कळत नाही, आणि गोळी सोडली की वर्षभरात डोकं आपल्या मूळ वाटेला लागतं. कामातून जाण्याबद्दल खरं ते सांगते. सुरुवातीच्या चाचण्यांत शंभरातल्या एक-दोघांना इच्छा कमी होणं किंवा ताठरता न येणं असा त्रास झाला. ज्यांना खोटी गोळी दिली होती त्यांच्यातही एखाद्याला झाला. बहुतेकांचा गोळी बंद केल्यावर गेला. काही जण मात्र सांगतात की आमचा गेला नाही, आणि त्यांना खोटं ठरवायची माझी तयारी नाही. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार येणं हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. आपल्या भागात ही ओळ मी मोठ्या अक्षरात लिहीन. नापिकी, कर्ज, मोडलेली सोयरीक यांनी मन आधीच खचलं असेल, झोप उडाली असेल, तर ही गोळी डॉक्टरला ते सांगितल्याशिवाय सुरू करायची नाही. घेत असशील आणि मन काळवंडायला लागलं तर थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

दुसरा रस्ता मिनॉक्सिडिलचा, पाच टक्क्यांचं पाणी, दिवसातून दोनदा टाळूला लावायचं. त्याचा डीएचटीशी संबंध नाही. पहिल्या महिना-दीड महिन्यात केस उलट जास्त गळतात आणि पोरं घाबरून बाटली फेकून देतात. ते गळणं अपेक्षित असतं. सोडलं की याचाही फायदा जातो.

आणखी दोन गोष्टी, ज्या मेडिकलवाला सांगत नाही. पैसे वाचवायला पोरं प्रोस्टेटसाठी मिळणारी हीच गोळी, पाच मिलिग्रॅमची, आणून तिचे ब्लेडनं चार तुकडे करतात. घरात वहिनी किंवा बहीण गरोदर असेल तर हा उद्योग अजिबात नको. का, ते पुढच्या उत्तरात आहे. आणि गोळी चालू असताना जयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्त द्यायचं नाही. थांबवल्यावरही किमान एक महिना नाही. ते रक्त कोणत्या बाईला चढेल, आपल्याला माहीत नसतं.

राहिलं लग्न. तुला खोटा धीर देत नाही. माझ्या ओळखीत चार एकरवाल्या दाट केसांच्या पोरांचेही फोन येईनात. पाच एकर कोरडवाहू हे कारण तोंडावर सांगायला मामाला जड गेलं असेल, टोपी सोपी होती. पुढचा फोटो बिना टोपीचा लाव. निदान मामा लोकांचे चहा-पोहे तरी वाचतील.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे. तीन वर्षांमागं लकवा गेला, त्यामुळं गोळी गिळता येत नाही. प्रोस्टेट वाढलं म्हणून रात्रीच्या दोन गोळ्या आहेत, त्या मी खलबत्त्यात कुटून वरणात कालवून देते. आता मला तिसरा महिना आहे, त्यामुळं उभं राहून कुटायचा कंटाळा येते. रात्री ते चार-पाचदा उठतात. रक्ताचा पीएसए रिपोर्ट पहिले ६ होता, आता ३ आला. म्हणजे गाठ अर्धी झाली का?

उत्तर : पोरी, तू विचारलंस सासऱ्यांबद्दल, पण मधली एक ओळ वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. पत्रावर नंबर होता म्हणून त्याच दुपारी फोन केला. तुझ्या नवऱ्यानं उचलला, आणि त्याला वाटलं मी अंकाची वर्गणी मागते आहे. तुला जे सांगितलं तेच इथं छापते, कारण खलबत्ता प्रत्येक घरात आहे.

तू पाठवलेल्या पट्टीच्या फोटोत पाच मिलिग्रॅमची फिनास्टेराइड आहे. वर लिहिलं ते विरजण बंद करणारी. पोटातलं बाळ मुलगा असेल तर साधारण आठव्या आठवड्यापासून पुढच्या महिना-दीड महिन्यात त्याचे बाहेरचे अवयव आकार घेतात. त्याच्या आधी मुलगा आणि मुलगी बाहेरून सारखेच दिसतात. आतल्या नळ्या घडवायला टेस्टोस्टेरॉन पुरतं, पण बाहेरचं लिंग आणि अंडकोशाची पिशवी घडवायला डीएचटीच लागतं. नेमक्या त्या दिवसांत आईच्या अंगात ही गोळी गेली तर मुलाच्या अवयवांची घडण अर्धवट राहू शकते. अख्ख्या गोळीवर पातळ कवच असतं, ती हातात धरून दिली तर धोका नाही. कुटली की पूड होते, ती बोटांना लागते आणि श्वासावाटे नाकात जाते. म्हणून गरोदर बाईनं ही गोळी कुटायची नाही, तोडायचीही नाही. याच जातीची ड्युटास्टेराइड मऊ कॅप्सूलमध्ये येते. ती फुटली असेल तर तिलाही हात लावायचा नाही.

आता घाबरू नकोस. पूड हाताला लागून पोटात जाते ती अगदी थोडी, आणि एवढ्यानं बाळाला इजा झालीच असं कोणी म्हणू शकत नाही. त्यासाठी गर्भ पाडायचा विचार कोणी घरात काढला तर हा अंक त्याच्यापुढे ठेव. आजपासून कुटायचं काम नवऱ्याचं. खलबत्ता वेगळा, तो आणि वरणाची वाटी त्यानंच धुवायची. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरला हे सगळं सांग आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीआधी आठवण करून दे. मुलगा की मुलगी हे तिथं कोणी सांगणार नाही, १९९४ च्या कायद्यानं ते सांगता येत नाही, आणि तूही विचारू नकोस. बघायचं ते डॉक्टर बघतील. मुलगी असेल तर या गोळीनं तिच्या घडणीत फरक पडत नाही.

दुसरी जी कॅप्सूल आहे, टॅमसुलोसिनची, ती तर कोणीच कुटायची नाही. ती हळूहळू सुटावी म्हणून तशी बनवलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं, रक्तदाब उतरतो आणि लकव्याचा माणूस रात्री उठताना पडतो. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या, वरणात मिसळणं हा उपाय नाही. रात्री चारदा उठण्यालाही कदाचित हेच कारण असेल. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या मानेशी आवळलेले स्नायू ढिले करते, तिचा गुण काही दिवसांत दिसतो. फिनास्टेराइड गाठ आक्रसवते, पण सहा महिने घेते आणि साधारण पाचवा-चौथा हिस्साच कमी करते. अर्धी नाही.

आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन. इथं मला माझीच एक चूक सांगायची आहे.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. नदीपलीकडचे एक संत्र्याचे बागाईतदार माझ्याकडे यायचे. त्यांना ही गोळी मीच सुरू केली होती. सुरुवातीचा पीएसए ४.२. वर्षानं ३.१ आला. प्रयोगशाळेच्या कागदावर लिहिलेलं, ४ पर्यंत ठीक. मी म्हटलं, "बाबाजी, छान उतरला." ते खूश, मी खूश, जाताना पिशवीभर संत्री ठेवून गेले. माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. ही गोळी सहा महिन्यांत पीएसए आपोआप अर्ध्यावर आणते, कर्करोग असो वा नसो. ४.२ चा २.१ व्हायला हवा होता. ३.१ म्हणजे दुप्पट करून ६.२ वाचायचा. तो उतरला नव्हता, चढला होता. दीड वर्षानं कंबर दुखते म्हणून आले तेव्हा कर्करोग हाडात होता. त्यांच्या मुलाला मी नंतर बसवून सांगितलं की कागद मी चुकीचा वाचला. तो अजून माझ्याकडेच येतो. का येतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

तेव्हा तुझ्या सासऱ्यांचा ६ चा ३ म्हणजे गोळी पोटात जाते आहे, एवढंच. तो ६ च धरायचा. ६ हा आकडा नुसता ठेवून देण्यासारखा नाही, लघवीच्या डॉक्टरला एकदा दाखवून घ्या. आणि पुढच्या तपासणीत तीनाचा साडेतीन झाला तरी "चारच्या आत आहे" म्हणून सोडू नका. रक्त घेणाऱ्या पोराला आणि डॉक्टरला, दोघांना सांगायचं की ही गोळी चालू आहे.

थंडीच्या दिवसांत एक जपा. सर्दीच्या तयार गोळ्या मेडिकलमधून आणून म्हाताऱ्यांना देऊ नका. त्यातल्या औषधांनी मूत्राशयाची मान आवळते आणि लघवी तुंबते. दरवर्षी डिसेंबरात असे दोन-तीन बाबाजी पहाटे बैलगाडीत नाही तर ऑटोत पोट धरून येतात. नळी टाकली की लिटरभर लघवी निघते आणि मग ते मला आशीर्वाद देतात. सर्दी मात्र तशीच असते.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या गावात एक बाळ चौथ्या दिवशी घरी आलं. मुलगा की मुलगी हे नीट कळत नाही. आजी म्हणते कोणाला दाखवायचं नाही, देवाचं आहे. बारसं जवळ आलं, नाव काय ठेवायचं असं मला विचारतात.

उत्तर : ताई, बारसं पुढे ढकला आणि बाळाला आजच्या आज सेवाग्रामच्या रुग्णालयात नाही तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजात न्या. एवढी घाई नावासाठी करायला सांगत नाही. असं दिसणाऱ्या काही बाळांमध्ये मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा जन्मजात दोष असतो. त्यात अंगातलं मीठ निघून जातं, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ दूध सोडतं, उलट्या करतं, मलूल पडतं आणि दगावतं. वेळेवर कळलं तर औषधावर चांगलं जगतं. यातल्या पुष्कळ बाळांना आत गर्भाशय असतं, त्या मुली असतात. रक्तातले क्षार, हार्मोन, सोनोग्राफी, गुणसूत्रं हे सगळं बघून मग बोलायचं. तुम्ही स्वतः सोबत जा. आजी तुमचं ऐकेल, चिठ्ठीचं नाही ऐकणार.

दुसरी, कमी दिसणारी शक्यता म्हणजे वर सांगितलेलं विरजणच जन्मतः नसणं. गुणसूत्रं मुलाची, वृषण आहेत, टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण त्याचं डीएचटी होत नाही. बाळ मुलीसारखं दिसतं, मुलगी म्हणून वाढतं. मग वयात येताना टेस्टोस्टेरॉनचा लोंढा येतो. आवाज फुटतो, खांदे भरतात, लिंग वाढतं. डोमिनिकन रिपब्लिक नावाच्या देशात सॅलिनास म्हणून एक खेडं आहे. तिथं अशी मुलं इतक्या घरांत होती की गावानं त्यांना एक नावच दिलेलं होतं, ग्वेवेडोसेस, म्हणजे बाराव्या वर्षी वृषण येणारे. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टरबाईंनी तिथं जाऊन अभ्यास केला आणि १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मोठेपणी यांतले बहुतेक जण पुरुष म्हणूनच राहू लागले. त्यांच्यात दोन गोष्टी आढळल्या. कोणाचं प्रोस्टेट वाढत नव्हतं, आणि कोणाला टक्कल पडत नव्हतं.

डीएचटी प्रयोगशाळेत १९३५ मध्येच बनलं होतं. प्रोस्टेटमध्ये खरं काम तेच करतं, हे कळायला १९६८ उजाडलं. पण ते नसलं तर मोठ्या माणसाचं काय होतं, हे सॅलिनासच्या लोकांनी दाखवलं. त्यावरून एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या डोक्यात आलं की हे विरजण मुद्दाम बंद केलं तर? १९९२ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड आली, १९९७ मध्ये केसांसाठी. वरच्या सुनेच्या खलबत्त्यातली गोळी त्या खेड्यातून निघाली आहे.

बाळाच्या शस्त्रक्रियेची कोणी घाई केली तर थांबा म्हणा. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अशा बाळांवर नुसतं एका बाजूचं दिसावं म्हणून शस्त्रक्रिया करू नका, असं सांगितलं. निकाल तामिळनाडूतला आहे, पण त्यातलं शहाणपण इकडेही चालेल. मूल मोठं होऊन स्वतः सांगेल.

आणि "देवाचं आहे" म्हणणाऱ्या आजीवर चिडू नका. "कोणाला दाखवायचं नाही" एवढं वाक्य मात्र तिच्याकडून काढून घ्या.

आता भराभर.

व्यायामशाळेतल्या पोराला (वय २०, "डीएचटी वाढवणारी पावडर घेऊ का, दंड भरतील का?") : नाही. स्नायूत डीएचटी पोचलं की तिथली एन्झाइमं त्याला लगेच निकामी करतात. दंड टेस्टोस्टेरॉननं भरतात, आणि ते तुझं तुला आहे. डीएचटीपासून बनवलेली स्टॅनोझोलॉलसारखी औषधं पोरं टोचून घेतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सननं १०० मीटरचं सोनं याच औषधापायी गमावलं. तुझं सोनं जायचं नाही, पण वृषण आक्रसतील, शुक्राणू घटतील, पाठभर मुरुम येतील आणि घराण्यात टक्कल असेल तर ते लवकर येईल. डबा उघडला नसेल तर परत कर.

हनुवटीवर केस येणाऱ्या मुलीला (वय २२) : डीएचटी बायकांच्या त्वचेतही तयार होतं, यात लाजण्यासारखं काही नाही. पाळी दोन-दोन महिने चुकते असं लिहिलंस, त्यामुळं पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाच्या आणि हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घे. दोऱ्यानं काढल्यानं केस जाड होत नाहीत, खुशाल काढ. भावाची केसांची गोळी मात्र घेऊ नकोस.

शेगावच्या बाजूच्या काकूंना ("आमच्याकडं तीन दिवसांत डोकं साफ झालं होतं, ते हेच का?") : नाही. जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत जे झालं ते झपाट्यानं झालं आणि बायका-पोरांनाही झालं. डीएचटीचं टक्कल वर्षानुवर्षं घेतं आणि ठरलेल्या वाटेनं जातं, कपाळाचे कोपरे आणि मग टाळू. तुमच्याकडच्या लोकांच्या रक्तात सेलेनियम जास्त सापडलं आणि बोट रेशनच्या गव्हाकडे गेलं. बऱ्याच जणांचे केस परत आले. डीएचटीवाले इतके नशीबवान नसतात.

शेवटचं पत्र एका जुन्या कास्तकाराचं आहे, पोस्टकार्डावर : "बाई, गोऱ्हा ठेचला की बैल होते, त्याची मान बसते, माज जाते. मंग न ठेचलेल्या सांडाले तरी टक्कल काहून नाही पडत?"

बाबाजी, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. सांडालाही डीएचटी असतं, पण त्याच्या कपाळावरच्या मुळांना ते झोंबत नाही. माणसासारखं टक्कल फार थोड्या प्राण्यांना पडतं. आपल्या ईशान्येकडच्या जंगलात आखूड शेपटीचं एक माकड असतं, ते वयात आलं की त्याचं कपाळ उघडं पडायला लागतं. फिनास्टेराइडची परीक्षा त्याच जातीच्या माकडांवरही झाली आणि त्यांना केस आले. सांडाला तुमच्या पुढच्या पोळ्यापर्यंत तरी टोपीची गरज नाही.